सनदेच्या उंबरठ्यावर

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, अशी एक जुनी म्हण आपल्याकडे आहे. ती पक्षकारांना उद्देशून आहे आणि तिच्यात अनुभवाचे शहाणपण आहे, हेही खरे. परंतु ज्याला ती पायरी जन्मभर चढावयाची आहे, किंबहुना ती चढता यावी म्हणूनच ज्याने पदवीनंतरची तीन किंवा बारावीनंतरची पाच वर्षे कायद्याच्या ग्रंथांत घालविली आहेत, त्या तरुण वकिलाला ही म्हण काहीच सांगत नाही. त्याच्यापुढे निराळीच एक पायरी असते. ती कोर्टाच्या दारात नसून परीक्षेच्या दालनात असते. ती ओलांडल्यावाचून त्याची सनद कायम होत नाही. या पायरीपाशी उभ्या असलेल्या मनाची अवस्था कशी असते, ती तशी का होते, आणि तिच्यावर काही उपाय आहे काय, याविषयी आज आपल्याशी थोडे बोलावयाचे आहे.

प्रथम ही परीक्षा कोणती, ते पाहू. ब्रिटिश अमदानीत आपल्या देशात कायद्याचा व्यवसाय करणाऱ्यांचे अनेक वर्ग होते. बॅरिस्टर, ॲडव्होकेट, अटर्नी, वकील, प्लीडर, मुखत्यार, अशी ती उतरंड होती. प्रत्येकाची पात्रता निराळी आणि मानपानही निराळा. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टने हे भेद मोडून काढून सर्वांसाठी ॲडव्होकेट हा एकच वर्ग निर्माण केला. या कायद्याच्या चोविसाव्या कलमात, सनद मिळण्यापूर्वी प्रशिक्षण घेतले पाहिजे व त्यानंतर परीक्षा उत्तीर्ण झाले पाहिजे, अशी अट मुळात होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती अट गेली. १९७४ पासून पुढे, कायद्याची पदवी हाती असली की राज्याच्या बार कौन्सिलमध्ये नाव नोंदवावे आणि काळा कोट चढवावा, असा सरळ मार्ग झाला. १९९५ साली भारतीय बार कौन्सिलने एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले. पण १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने, कायद्याने तसा अधिकार कौन्सिलला दिलेला नाही, असे म्हणून ते नियम रद्द ठरविले. पुढे २०१० साली कौन्सिलने अखिल भारतीय बार परीक्षेचा ठराव केला आणि ६ मार्च २०११ रोजी पहिली परीक्षा झाली. तिच्याही वैधतेचा वाद न्यायालयात गेला व पुष्कळ वर्षे चालला. अखेर १० फेब्रुवारी २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने, अशी परीक्षा घेण्याचा कौन्सिलला अधिकार आहे, असा निर्णय दिला आणि १९९९ च्या निकालातील विरुद्ध मत अमान्य केले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की, आजच्या उमेदवाराच्या मनावरील ताणाचा एक धागा त्यातच गुंतलेला आहे. १९७४ ते २०१० या काळात सनद घेतलेली सारी पिढी ही परीक्षा न देताच वकील झाली. तो तरुण ज्यांच्या कचेरीत उमेदवारी करतो, ते ज्येष्ठ वकील बहुधा याच पिढीतील असतात. ते सहज म्हणून जातात, “आमच्या वेळी असले काही नव्हते.” बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. ऐकणाऱ्याला मात्र वाटते की, ज्यांना परीक्षेवाचून सर्व काही साधले, त्यांच्यापुढे आपण या परीक्षेतही अडखळलो तर आपली किंमत काय राहील?

आता परीक्षेचे स्वरूप पाहू. शंभर प्रश्न असतात आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरे दिलेली असतात. त्यांतील योग्य ते निवडावयाचे. वेळ सुमारे तीन तासांचा. चुकीच्या उत्तराबद्दल गुण कापले जात नाहीत. उत्तीर्ण होण्यास सर्वसाधारण व इतर मागास वर्गांतील उमेदवारांना ४५ टक्के, तर अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांना ४० टक्के गुण लागतात. प्रश्नपत्रिका इंग्रजीप्रमाणेच मराठीसह इतर भारतीय भाषांतही असते. आरंभीची कित्येक वर्षे सर्व पुस्तके बरोबर नेण्यास मुभा होती. २०२१ पासून ती गेली. आता केवळ अधिनियमांच्या मूळ संहिता, आणि त्याही टीपाटिप्पणीवाचून असलेल्या, जवळ ठेवता येतात. कितीही वेळा बसावे, त्याला मर्यादा नाही. सनद मिळाल्यावर परीक्षा उत्तीर्ण होण्यापूर्वीही दोन वर्षांपर्यंत तात्पुरत्या नोंदणीवर काम करता यावे, अशी सोय नियमांत ठेवलेली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही परीक्षेस बसू देण्याचा आदेश दिला.

हे वर्णन ऐकून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात एक शंका येईल. पंचेचाळीस गुण, चूक झाली तरी दंड नाही, कायद्याचे पुस्तक हाताशी, आणि पुन्हा बसण्यास मोकळीक. मग घाबरण्यासारखे यात काय आहे? शंका रास्त आहे. परदेशांतील परीक्षांशी तुलना केली तर ती अधिकच रास्त वाटते. जर्मनीत कायद्याच्या दोन राजकीय परीक्षा असतात आणि सामान्यतः दोनदा अनुत्तीर्ण झालेल्यास त्या व्यवसायाचे दार बंद होते. जपानात जुन्या पद्धतीच्या परीक्षेत शंभरांत दोन-तीनच उमेदवार उत्तीर्ण होत आणि कित्येकांची उमेदीची वर्षे त्या एका प्रयत्नात संपून जात. नव्या पद्धतीत तेथे पाच वर्षांत पाच वेळा बसता येते, पुढे नाही. दक्षिण कोरियातही अशीच पाच वर्षांची मर्यादा आहे. त्या मानाने आपली परीक्षा सौम्यच म्हणावी लागेल.

परंतु मनावरचा ताण परीक्षेच्या काठिण्यावर ठरत नाही. अपयशाचा अर्थ आपण काय लावतो, यावर तो ठरतो. आणि गंमत अशी की, परीक्षा जितकी सोपी समजली जाते, तितके तिच्यातील अपयश अधिक लाजिरवाणे वाटते. दुर्घट परीक्षेत नापास झालेल्याला लोक धीर देतात. सोप्या परीक्षेत नापास झालेल्याकडे ते नुसते पाहतात. त्या पाहण्याची धास्तीच पुष्कळांची झोप उडविते.

एखादा तरुण डोळ्यांसमोर आणा. लातूर किंवा चंद्रपूरकडच्या एखाद्या लहान गावातला म्हणा, किंवा बेळगाव, इंदूर, बडोदे येथे वाढलेला म्हणा. घराण्यात यापूर्वी कोणी वकिली केलेली नाही. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकविले. पदवी मिळाली तेव्हा पेढे वाटले गेले, घराच्या दारावर नावाची पाटी लागली आणि गावात त्याला लोक ‘वकीलसाहेब’ म्हणू लागले. प्रत्यक्षात त्याची नोंदणी अद्याप तात्पुरती आहे. त्याला मिळालेले नाव आधी पोहोचले आहे आणि अधिकार मागून यावयाचा आहे. या मधल्या काळात प्रत्येक हाक त्याच्या कानाला उसनवारीची वाटते. शाळेच्या परीक्षेत नापास झालेला विद्यार्थी विद्यार्थीच राहतो. येथे मात्र मिळालेले काहीतरी हातातून निसटेल, अशी भीती असते. मिळावयाचे राहिले याहून मिळालेले गेले, याचे भय माणसाला अधिक असते.

त्यात पैशाचा प्रश्न येतो. कचेरीत उमेदवारी करणाऱ्याला फार थोडे मानधन मिळते आणि कित्येक ठिकाणी काहीच मिळत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय बार कौन्सिलने शहरांत दरमहा वीस हजार व ग्रामीण भागांत पंधरा हजार रुपये इतके किमान मानधन कनिष्ठ वकिलांना द्यावे, अशी शिफारस केली. पण ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. सनदेच्या नोंदणीसाठी निरनिराळी राज्ये हजारो रुपये आकारीत असत. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कायद्यात नमूद आहे त्याहून अधिक, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून साडेसातशे आणि अनुसूचित जातिजमातींच्या उमेदवारांकडून सव्वाशे रुपयांहून अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निर्णय दिला. हा मोठाच दिलासा होय. तथापि परीक्षेचे शुल्क, प्रवास, पुस्तके आणि दिवसभराच्या कामानंतरचा अभ्यास, हा भार उरतोच. सकाळी कोर्टात तारीख घ्यावयाची, दुपारी नकलांसाठी रांगेत उभे राहावयाचे, सायंकाळी ज्येष्ठांच्या कचेरीत बसावयाचे, आणि रात्री डोळ्यांवर झापड येत असता पुस्तक उघडावयाचे. रात्र थोडी, सोंगे फार!

दुसरी अडचण अभ्यासक्रमाच्या विस्ताराची. विषय एकोणीस आहेत. राज्यघटना, दिवाणी व फौजदारी प्रक्रिया, पुरावा, करार यांपासून पर्यावरण, कर, कामगार, कंपनी, बौद्धिक संपदा, भूसंपादन आणि संगणकीय व्यवहारांच्या कायद्यापर्यंत सर्व काही त्यात येते. कोणी कितीही वाचले तरी काहीतरी राहूनच जाते, आणि जे राहिले तेच नेमके विचारले जाईल, अशी समजूत मन करून घेते.

त्यात १ जुलै २०२४ पासून फौजदारी कायद्याची सारी मांडणीच बदलली. १८६० ची भारतीय दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम यांच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे आले. दंड संहितेची ५११ कलमे होती. न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते आता १०३ झाले. फसवणुकीचे कलम ४२० होते आणि आपल्या बोलण्यात तर ते लबाड माणसाचे विशेषणच होऊन बसले होते. आता ती तरतूद ३१८ व्या कलमात आहे. भाषेतला चारशेवीस तसाच राहील, पण परीक्षेतला बदलला. शिवाय १ जुलै २०२४ पूर्वी घडलेल्या अपराधांना जुनीच दंड संहिता लागू असल्यामुळे वकिलाला दोन्ही आकडे ध्यानात ठेवणे भाग आहे. वर्षानुवर्षे पाठ केलेले विसरावयाचे नाही आणि नवे मात्र त्याच्या शेजारी बसवावयाचे, ही कसरत सोपी नव्हे.

तिसरी अडचण भाषेची. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांत मराठी चालते. उच्च न्यायालयाची भाषा, घटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार, इंग्रजी आहे. मराठी माध्यमातून शिकलेल्याला दावा, कैफियत, हुकूमनामा, दरखास्त, उलटतपासणी हे शब्द आपले वाटतात. तोच ‘रेस ज्युडिकाटा’ म्हणताच तो थबकतो. वस्तुतः, ज्या वादाचा एकदा निकाल लागला तो त्याच पक्षकारांनी पुन्हा उकरून काढू नये, एवढाच त्याचा अर्थ. हे तत्त्व त्याने गावच्या चावडीवरही ऐकलेले असते. उलट, महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मराठी उमेदवाराची घरची भाषा मराठी, शिक्षणाची इंग्रजी किंवा हिंदी. त्याने मराठी प्रश्नपत्रिका हौसेने घेतली तर कायद्याचे मराठी शब्दच त्याला परके वाटतात. म्हणून भाषेची निवड अभिमानाने करू नये आणि संकोचानेही करू नये. ज्या भाषेत आपण कलमे वाचली, तीच भाषा निवडावी.

आणि शेवटी अनिश्चितता. परीक्षेची तारीख ठरलेली असली की माणूस त्या तारखेकडे पाहून चालतो. ती हलू लागली की त्याचे पाऊल अडखळते. साथीच्या दिवसांत, २०२१ साली, सोळावी परीक्षा पुनःपुन्हा पुढे गेली आणि अखेर ३१ ऑक्टोबरला झाली. धनुष्याची दोरी ताणून ठेवावी आणि बाण मात्र सोडू नये, तशी त्या महिन्यांत उमेदवारांची स्थिती झाली होती.

ही झाली बाहेरची कारणे. आत, मनात काय घडते? परीक्षेच्या भयाचा शास्त्रीय अभ्यास गेल्या शतकात पुष्कळ झाला. १९६७ साली लीबर्ट व मॉरिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या भयाचे दोन भाग वेगळे करून दाखविले. एक शरीराचा. छाती धडधडते, हात गार पडतात, पोटात गोळा येतो. दुसरा विचाराचा. ‘मला येणार नाही, लोक काय म्हणतील, घरी काय सांगू?’ ही न थांबणारी चिंता. कामाची हानी करतो तो मुख्यतः हा दुसरा भाग. याचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्या मनात एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवण्याची जागा असते. प्रश्नातील तपशील, त्याला लागू पडणारे कलम आणि त्या कलमाचा अपवाद, हे सारे त्याच जागेत मांडून उत्तर शोधावयाचे असते. ती जागा चिंतेने अडविली की कायदा येत असूनही सुचत नाही. पुष्कळ उमेदवार बाहेर आल्यावर म्हणतात, “उत्तर येत होते, पण त्या वेळी आठवले नाही.” ते खोटे बोलत नाहीत.

याचा अर्थ ताण मुळीच नसावा, असा नव्हे. १९०८ साली यर्क्स व डॉडसन यांनी उंदरांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. दोन वाटांतील योग्य ती वाट ओळखण्यास त्यांना शिकवावयाचे आणि चुकल्यास विजेचा लहानसा धक्का द्यावयाचा. भेद ओळखणे सोपे असे तेव्हा जोराच्या धक्क्यानेही शिकणे लवकर होई. भेद ओळखणे जसजसे कठीण होत गेले, तसतसा मध्यम धक्काच अधिक उपयोगी ठरला. वीणेची तार सैल असली तर सूर उमटत नाही आणि अति ताणली तर तुटते, हे आपल्याला ठाऊकच आहे. शास्त्राने ते मोजून दाखविले, इतकेच.

परीक्षेचे यश आणि व्यवसायाचे सामर्थ्य यांचे नातेही नीट पारखून घेतले पाहिजे. महात्मा गांधींनी आपल्या आत्मकथेत लंडनच्या बॅरिस्टरीच्या परीक्षेचे वर्णन केले आहे. त्या काळी ती परीक्षा अगदी सोपी समजली जाई आणि नापास होणारे थोडे असत. तरीही गांधींनी रोमन कायदा मूळ लॅटिनमधून वाचला आणि इंग्लंडच्या सामान्य कायद्याच्या ग्रंथांवर नऊ महिने परिश्रम घेतले. १० जून १८९१ रोजी ते बॅरिस्टर झाले आणि १२ जूनला स्वदेशी निघाले. पुढे मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीस उभे राहिले, तो डोके गरगरू लागले. एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि घेतलेले तीस रुपये त्यांनी परत केले. पायरी ओलांडणे निराळे आणि आत गेल्यावर पाय रोवणे निराळे, हे यावरून दिसून येते. आणि पहिल्या फजितीने माणसाचे भवितव्य ठरत नाही, हेही दिसून येते.

दुसरे उदाहरण आपल्या नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन त्या ऑक्सफर्डला गेल्या. १८९२ साली त्या बी. सी. एल. च्या परीक्षेस बसल्या. तोवर कोणाही स्त्रीने ती परीक्षा दिलेली नव्हती. त्यांना पुरुषांच्या बरोबरीने बसू द्यावे यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला. परीक्षा झाली, पण पदवी मिळावयास तीस वर्षे लागली. मायदेशी परत आल्यावर त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्एल्. बी. व अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी केवळ स्त्री म्हणून सनद नाकारली गेली. १९२३ साली कायदा झाला आणि मग ते दार उघडले. आजच्या परीक्षेची तारीख, शुल्क, कलमे यांनी त्रस्त झालेल्या एखाद्या तरुणीने हे आठवावे. तिचे कष्ट लहान ठरविण्याकरिता मी हे म्हणत नाही. ज्या दारापुढे ती आज धास्तावून उभी आहे, ते दार तिच्यासाठी उघडे असावे म्हणून कोणी किती वाट पाहिली, हे तिला ठाऊक असावे, म्हणून म्हणतो.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय हिशेबाचा. एकोणीस विषय ऐकून छाती दडपते, पण गुणांची वाटणी सारखी नाही. आजवरच्या वाटणीत राज्यघटना, फौजदारी प्रक्रिया व दिवाणी प्रक्रिया यांना प्रत्येकी दहा गुण आहेत. फौजदारी कायदा, पुरावा, कौटुंबिक कायदा आणि करार-मालमत्ता यांचा गट, यांना प्रत्येकी आठ. या सात विषयांचे मिळून बासष्ट गुण झाले आणि उत्तीर्ण होण्यास पंचेचाळीस पुरेत. उरलेल्या बारा विषयांत अडतीस गुण आहेत. त्यांतील कित्येक विषयांना दोन-दोनच. जो दोन गुणांच्या विषयासाठी चार रात्री जागतो आणि दहा गुणांचा विषय घाईने उरकतो, त्याचा ताण अभ्यासाने कमी न होता वाढतो. वकिलाने आधी आपल्या बाजूची बलस्थाने पाहावीत, हा नियम येथेही लागू आहे.

दुसरा उपाय वाचण्याच्या पद्धतीचा. पुष्कळ विद्यार्थी तेच पान पुनःपुन्हा वाचतात. वाचताना सर्व ओळखीचे वाटते आणि ओळख म्हणजेच ज्ञान, असा भास होतो. २००६ साली अमेरिकेतील रोडिगर व कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी पाहिले तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिले तर आठवून लिहिणारे पुढे निघाले. म्हणून कलम वाचावे, पुस्तक मिटावे, आणि त्यातील घटक, अपवाद व शिक्षा आपल्या शब्दांत सांगून पाहावी. जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवाव्या. तीन तासांत शंभर प्रश्न म्हणजे एका प्रश्नास जेमतेम पावणेदोन मिनिटे. इतक्या वेळात मूळ संहिता चाळून उत्तर शोधणे सर्व प्रश्नांच्या बाबतीत शक्य नाही. संहिता जवळ आहे या भरवशावर राहणाऱ्याची ऐन वेळी पाने सापडत नाहीत. कोणते प्रकरण कोठे आहे, हे आधीपासून हाताला ठाऊक असेल तरच ती मदत करते. आणि चुकीस दंड नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडू नये.

तिसरा उपाय चिंतेला वाट करून देण्याचा. शिकागोच्या रामिरेझ व बीलॉक या संशोधकांनी २०११ साली असे दाखविले की, परीक्षेपूर्वी दहा मिनिटे आपल्या भीतीविषयी मोकळेपणाने लिहून काढणाऱ्या भित्र्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. सर्वांनाच याचा सारखा लाभ होईल, असे नाही. पण मनात घोळणारी गोष्ट कागदावर उतरली की तिचा आकार दिसतो आणि ती वाटली होती तेवढी मोठी नसते, हा अनुभव पुष्कळांना येईल. झोपेच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दिवसा वाचलेले पक्के होण्यास झोप लागते. रात्रभर जागून वाचणे म्हणजे एका हाताने भरावे आणि दुसऱ्या हाताने सांडावे.

घरच्या मंडळींना व ज्येष्ठ वकिलांनाही दोन शब्द सांगावेसे वाटतात. “अभ्यास किती झाला?” हा प्रश्न मायेने विचारला तरी तो रोज विचारला गेला की तगाद्यासारखा होतो. त्याऐवजी त्याच्या हातचे घरातले एखादे काम आपण उचलावे. ज्येष्ठांनी परीक्षेपूर्वी पंधरा दिवसांची सुटी द्यावी आणि जमल्यास रोज एका कलमावर त्याच्याशी बोलावे. अर्धा तास पुरेल. कचेरीतील एक खरा दावा समजावून दिला तर दिवाणी प्रक्रियेची दहा कलमे आपोआप ध्यानात राहतात. आणि निकाल विरुद्ध लागला, तर त्या दिवशी काही न विचारता त्याला नेहमीप्रमाणे कोर्टात बरोबर न्यावे. आपले स्थान गेलेले नाही, हे त्याला शब्दांवाचून कळेल.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे सांगितली पाहिजे. काही जणांचा ताण ताणापुरता राहत नाही. झोप व अन्न सुटते, कशातच रस वाटत नाही, जगणे नकोसे वाटू लागते. अशा वेळी हिशेब आणि वेळापत्रक उपयोगी पडत नाही. वैद्यकीय साहाय्य घेतले पाहिजे. पुष्कळ उमेदवार त्याला कचरतात, कारण याची नोंद होऊन पुढे व्यवसायास बाध येईल, असे त्यांना वाटते. हे भय इतरत्रही आहे. अमेरिकेत कित्येक राज्यांच्या बारच्या अर्जांत मानसिक आजाराविषयी प्रश्न विचारले जात. २०१४ साली तेथील न्याय खात्याने, लुइझियाना राज्यातील असे प्रश्न अपंगत्वविषयक कायद्याशी विसंगत आहेत, असा निष्कर्ष काढला आणि ते राज्य आपली पद्धत बदलावयास कबूल झाले. आजार लपविण्यास भाग पाडणारी पद्धत समाजाला सुदृढ वकील देत नाही, हेच त्यातून दिसते. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून भारत सरकारची टेलि-मानस ही सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, काही खर्च न करता, अनेक भारतीय भाषांत प्रशिक्षित माणसाशी बोलता येते. हा क्रमांक घरात सर्वांना ठाऊक असावा.

श्रोतेहो, वकील हा दुसऱ्याच्या संकटात उभा राहणारा माणूस. त्याच्याकडे येणारा पक्षकार बहुधा घाबरलेला असतो. जमीन जाईल, मुलगा तुरुंगात जाईल, संसार मोडेल, अशा धास्तीने तो कचेरीची पायरी चढतो. त्याची भीती ज्याला ओळखता येते, तोच त्याची बाजू नीट समजून घेतो. परीक्षेच्या आदल्या रात्री ज्या तरुणाची छाती धडधडली, त्याला पुढे समोरच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कोरडा पडलेला घसा दिसेल. आधी पाण्याचा पेला पुढे करावा आणि मग कागदपत्रे मागावीत, हे त्याला कोणी शिकवावे लागणार नाही. शंभर प्रश्नांच्या त्या पत्रिकेत याला गुण नाहीत. तरी सनदेच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या प्रत्येकाने ही शिदोरी बरोबर घ्यावी आणि निर्भयपणे आत जावे.